जे आलं तेच लिहायचं

आमच्या गोव्यात डिचोलीला जनेल, म्हणजे खिडकी, उघडी ठेवली की संध्याकाळपर्यंत चौकटीवर लाल धुळीचा थर बसतो. खाणी पुष्कळशा बंद आहेत, तरी बसतो. आमच्या ऑफिसातले किस्सेही तसेच. कुणी मुद्दाम गोळा केले नाहीत. सकाळी फडकं मारलं, वाटलं संपले, आणि दुपारी बोट फिरवलं की पुन्हा आहेतच!

चार माणसांत बोलायची मला लाज वाटते. नववीत शाळा सोडली, तेव्हापासून मोठी माणसं समोर असली की शब्द घशातच राहतात. लिहायला मात्र थोडं जमतं. म्हणून लिहितो.

आमचं ऑफिस म्हणजे बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. काम पाण्याचं. डिचोली आणि पेडण्यातल्या काही विहिरी, तळ्या आणि बंद खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे आम्ही वाटून घेतले आहेत. दर महिन्याला तिथलं पाणी किती खाली आहे ते मोजायचं. माणसं चार. बाई, म्हणजे कॉलेजातून रिटायर झालेल्या आमच्या प्रमुख. श्रद्धाताई, पार्सेची, पाण्यावर पीएचडी करणारी. बाबलकाका, बांद्याकडचे, जीप चालवणारे. आणि टेप विहिरीत सोडून आकडा वाचणारा मी.

श्रद्धाताईला या आकड्यांवर एक शोधनिबंध लिहून चांगल्या जर्नलमध्ये छापून आणायचा होता. तो छापला तर पीएचडी. नाहीतर नाही. मुदत एकदा वाढवून मिळाली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. पुढचे सगळे किस्से त्या एका निबंधाच्या मागे धावताना घडलेले आहेत.

आणि धावताना पायात पाय घालायला बाईंचे नियम! भिंतीवर त्यांच्या अक्षरातला कागद होता. न मोजलेला आकडा लिहू नये. खोडायचं तर एकच रेघ मारावी, खालचं दिसलं पाहिजे. काम न करणाऱ्याचं नाव घालू नये, करणाऱ्याचं गाळू नये. विचारल्याशिवाय कुणाची विहीर मोजू नये. स्वतःचा संबंध लपवू नये. तरुणपणी बाईंच्या एका निबंधात सहलेखकाने घरी बसून आकडे बनवले होते. बाईंनीच ते शोधून काढलं आणि छापलेला निबंध मागे घेतला. तेव्हापासून हा कागद.

"जर्नल हे सगळं मागतंच," बाई म्हणत. "पण मागितलं नसतं तरी आपण दिलं असतं."

*

पहिला किस्सा परवानगीच्या फॉर्मचा.

पार्सेला दामूआजो म्हणून एक म्हातारे आहेत. काजूची बाग, माड, आणि बागेच्या टोकाला जुनी विहीर. श्रद्धाताईने फॉर्म पुढे केला, पेन दिलं. आजोंनी चष्मा लावून सगळा फॉर्म वाचला आणि पेन परत दिलं.

"बांय म्हजी गो," ते म्हणाले, "पूण उदक ताचें. ताका विचारूंक जाय."

विहीर आजोंची, पण पाणी त्याचं, म्हणजे राखणदाराचं. रात्री घोंगडी-काठी घेऊन गावाची शीव राखणारा देव. आजोंच्या विहिरीपलीकडे झाडाखाली त्याचा दगड आहे.

श्रद्धाताई त्याच गावची, तिला हे नवीन नव्हतं. ती म्हणाली, "मग विचारा आजो. फॉर्म ठेवते." आजोंनी फॉर्म दगडापाशी ठेवला, वर एक बिडी आणि वाटीभर सूर, म्हणजे माडी. दोन दिवसांनी आम्ही गेलो तेव्हा आजो व्हरांड्यात फॉर्म मांडीवर घेऊन बसले होते.

फॉर्मला एक भोक पडलं होतं. गोल, कडा तपकिरी जळालेल्या, बिडीच्या टोकाएवढं. 'परवानगी देणाऱ्याची सही' असं छापलं होतं, बरोबर त्या रेषेवर!

श्रद्धाताई हसली. "वाऱ्याने बिडी पडली असेल आजो."

आजो हसले नाहीत. "बिडी हांवें पेटयलीच ना गो." त्यांनी ती पेटवलेलीच नव्हती.

ऑफिसात बाईंनी फॉर्म जनेलाकडे धरला आणि भोकातून बाहेर पाहिलं. श्रद्धाताईला ती विहीर हवी होती, कारण पार्सेची तेवढी एकच जुनी विहीर आमच्याकडे होती.

"खाडाखोड नाही," बाई म्हणाल्या. "फाइलला लाव."

*

हा दुसरा माझ्या चुकीचा आहे.

खाणींच्या खड्ड्यांना आम्ही अ, ब, क म्हणतो. आषाढात ब खड्ड्याकडचा रस्ता चिखलात जातो आणि जळवा तर विचारू नका! त्या दिवशी जीप अर्ध्यात अडकली. बाबलकाका म्हणाले, "रे झिला, आज नुको." मी घरी गेलो, जेवलो, आणि वहीत लिहिलं : ब, सहा मीटर चाळीस.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वही उघडली. पानावरून बोट फिरवलं.

"उल्हास, बाकी सगळ्या ओळींवर ओल्या बोटांचे डाग आहेत. हीच ओळ एवढी स्वच्छ कशी रे?"

मला खोटं बोलता येत नाही. बोलतासुद्धा येत नाही. बाई ओरडल्या नाहीत. त्या ओळीवर एक रेघ मारली, बाजूला सही केली आणि म्हणाल्या, "श्रद्धाच्या निबंधात हा एक आकडा गेला असता, तर बाकीचे सगळे कुणी खरे मानले असते?"

मी त्याच पावसात चालत गेलो. जळवा सोडवत खाली उतरलो. टेप सोडली. रात्रभर धो धो पडला होता, पाणी हातभर तरी चढायला हवं होतं. टेप वर काढली.

सहा मीटर चाळीस!

धावतच ऑफिसात आलो. "बाई, बरोबर आलं! तोच आकडा!"

बाईंनी मान वर केली नाही. "बरोबर आलं म्हणून कालची नोंद खरी होत नाही. ती रद्दच. आजची नवीन ओळ लिही."

एवढ्यावर संपलं असतं तर बरं. पुढच्या महिन्यात टेप सोडण्याआधीच माझ्या डोक्यात एक आकडा आला. टेपवर तोच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मी हे फक्त बाबलकाकांना सांगितलं.

ते मोठ्याने हसले. "मगे तेका सांग, वायच वर ये म्हणान!"

मी मात्र गमतीनेही तसं म्हटलं नाही. पाण्याने खरंच ऐकलं तर? आता ब खड्ड्यावर टेप सोडताना मी डिचोली ते पेडणे बसचे सगळे थांबे मोठ्याने म्हणतो. डोक्यात आकडा येता कामा नये!

*

निबंधासोबत आणखी एक फॉर्म भरायचा असतो. लेखकांचा या विषयात काही हितसंबंध आहे का? खाणीच्या विषयात डिचोलीत हा प्रश्न विचारणं म्हणजे कमालच! बाईंच्या भावाचे ट्रक होते. श्रद्धाताईचे मामा खाणीच्या वजनकाट्यावर ट्रकांचं वजन करायचे. बाईंनी सगळं लिहायला लावलं.

माझं नाव लेखकांत होतं. सगळ्या नोंदी माझ्या, म्हणून बाईंनी घातलंच. तेव्हा माझीही पाळी आली.

"आमचं शेत पाळी गावात खाणीच्या डंपखाली गेलं," मी सांगितलं. डंप म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीचा डोंगर.

"लिही. आणि पुढे विचारलंय, हितसंबंध अजून चालू आहे का?"

मी म्हटलं, "नाही बाई. आता तिथे काय आहे?"

त्या रविवारी वडिलांना सहज विचारलं. ते मला डंपापाशी घेऊन गेले. उतारावर सगळीकडे पिवळं, खुरटं गवत. मधेच हिरव्यागार गवताच्या रेषा. सरळ, काटकोनात वळलेल्या. वडील एकेका रेषेकडे बोट दाखवत गेले. "ही वरची मेर. ही पाणी सोडायची. हय आपलो आंबो होतो." मेर म्हणजे शेताचा बांध. चारी बाजू बरोबर होत्या. फक्त शेत खाली, आणि त्याच्या मेरा तीन माणसांएवढ्या उंच मातीच्या वर.

सोमवारी बाईंना म्हटलं, "लिहा. चालू आहे."

*

मग आले सर.

एका मोठ्या कॉलेजातले. नाव सांगत नाही. त्यांना कुठून तरी कळलं की निबंध तयार होतोय. फोन आला, मग स्वतःच आले. पांढरे बूट, हातात दोन फोन.

"माझं नाव घाला," ते म्हणाले. "तिकडे ओळखीचे लोक आहेत. तुमचं काम महिन्यात होईल."

श्रद्धाताईने बाईंकडे पाहिलं. तिच्याकडे महिने फार उरले नव्हते. सर पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, एक नावच तर आहे."

"नाव म्हणजे जबाबदारी," बाई म्हणाल्या. "कुणी विचारलं, हा आकडा कसा आला, तर ते काय सांगणार? त्यांनी एकही विहीर पाहिलेली नाही."

सरांना हे ऐकू गेलं होतं. "मग दाखवा की विहीर!"

बाबलकाकांनी जीप काढली. पोचायला दुपारचे बारा झाले. त्या वेळी बाबलकाका स्वतः कधी विहिरीपाशी जात नाहीत. ते जीपमध्येच बसून राहिले. सरांनी माझ्या हातून टेप घेतली, टोकाला खडू चोळला, कारण खडू भिजेल तिथवर पाणी, आणि वजन खाली सोडलं. काठावर दोन बाल्द्या ठेवलेल्या, आजूबाजूला माणूस नाही.

थोड्या वेळाने सर म्हणाले, "तू ओढू नकोस ना."

मी चार हात लांब होतो. दोन्ही हात दाखवले.

सर खाली वाकून पाहू लागले. टेप त्यांच्या हातात एकदा ताणली. मग सैल झाली. मग पुन्हा ताणली, हळू, कुणी हाक मारताना पदर ओढतं तशी.

परत येताना बाबलकाका धीर द्यायला म्हणाले, "कासव असतला ओ सर. बांयत कासवां असतत."

"कासव दोनदा ओढून वाट बघत नाही," सर म्हणाले. मग फोन काढून काहीतरी टाइप करत बसले.

आम्ही ऑफिसचा जिना चढेपर्यंत त्यांचा ईमेल आला होता. कृपया माझं नाव कुठेही घालू नये. आभारातही नको!

*

फोंड्याला एक सेमिनार होता. निबंध पाठवण्याआधी चार जाणकारांना काम दाखवावं म्हणून श्रद्धाताईने पोस्टर केलं. त्यात पेडण्यातल्या एका तळीचा फोटो होता. मीच काढलेला, भर उन्हात, पाणी आरशासारखं असताना.

पोस्टर छापून आलं, मोठं झालं, तेव्हा दिसलं. पाण्यात एका माणसाचं उलटं प्रतिबिंब होतं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. आणि वर काठावर, जिथे तो माणूस असायला हवा होता, तिथे नुसती पायरी आणि ऊन.

श्रद्धाताई म्हणाली, "कडेने कापते. कुणाला कळणार आहे?"

"चित्रातलं काही काढायचं तर काढलंय असं खाली लिहावं लागेल," बाई म्हणाल्या. "काय काढलं म्हणून लिहिशील?"

ताईने खूप विचार केला. शेवटी फोटो तसाच गेला.

लोक आले, पाहून गेले. कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी एक वयस्क प्राध्यापक चष्मा कपाळावर चढवून पोस्टरसमोर उभे राहिले.

"छान," ते म्हणाले. "मापासाठी माणूस उभा केलात ते उत्तम. फक्त त्याची उंची खाली द्यायला हवी होती."

श्रद्धाताई म्हणाली, "उंची आम्ही घेतली नाही, सर."

*

आता शेवटचा. हा मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेला नाही.

निबंध जर्नलला गेला. तिथे एक पद्धत असते. संपादक तो एका तज्ज्ञाकडे पाठवतो. तज्ज्ञाला लेखकांची नावं कळत नाहीत, आम्हाला तज्ज्ञाचं नाव कळत नाही. शिवाय आम्ही विहिरीवाल्यांना शब्द दिला होता की गावांची नावं छापणार नाही. म्हणून निबंधात ना गाव, ना तालुका, ना नकाशा. खड्डा क म्हणजे नुसता खड्डा क. तो कोणत्या देशात आहे हेही वाचणाऱ्याला कळलं नसतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सगळं ठीक, फक्त खड्डा क पटत नाही. मे महिन्यात सगळीकडचं पाणी खाली जातं, याचं वर कसं येतं? पुन्हा मोजा. बाहेरचा एक साक्षीदार घ्या. जे येईल ते कळवा, मगच निर्णय.

श्रद्धाताईच्या हातात वीस दिवस होते.

फोंड्याहून एका निवृत्त सर्व्हेअरना बोलावलं. आयुष्य जमिनी मोजण्यात गेलेला माणूस. बाईसुद्धा आल्या, गुडघे दुखत असताना. क खड्ड्याच्या उताराला मोठ्या पायऱ्या कापलेल्या आहेत, खाणवाले त्यांना बेंच म्हणतात. वरून तिसऱ्या बेंचवर जुन्या पंपासाठी केलेला लोखंडी फलाट पाण्यावर पुढे आलेला आहे. मी नेहमी तिथूनच टेप सोडतो. आम्ही चौघे तिथे उभे राहिलो. बाबलकाका वर जीपपाशी.

खाली पाणी होतं. हिरवं, गच्च, वारा नाही. आमची चौघांची डोकी त्यात दिसत होती.

मी टेपच्या टोकाला खडू चोळला आणि वजन सोडलं. सगळ्यांनी पाहिलं. वजन पाण्यात बुडालं, वलयं उठली, काठापर्यंत गेली. आणखी दोन हात सोडली. मग वर ओढली.

खडू पांढरा होता.

"नीट सोड रे," सर्व्हेअरकाका म्हणाले.

पुन्हा सोडली. पुन्हा वलयं. पुन्हा पांढरा. काकांनी स्वतः घेतली. पंधरा मीटर सोडून वर ओढली, पांढरीच. मग सगळी तीस. वर ओढून वजन गालाला लावलं. मग शर्टावर बोटाने खडू पुसला. कोरडी, पांढरी पूड उडाली.

काकांनी शर्ट झटकला. मग एकदम कोरड्या आवाजात म्हणाले, "मागच्या महिन्यात किती होतं?"

"सात मीटर दहा," मी सांगितलं.

"मग सात लिहा. मी सही करतो. पाणी तर समोर दिसतंय ना? पोरीचं आयुष्य आहे हे."

श्रद्धाताईने बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर वळवली नाही. निबंधावर पहिलं नाव ताईचं होतं. सात लिहिलं असतं तर निबंध पास झाला असता. समोर पाणी दिसत असताना टेप कोरडी येते असं लिहिलं, तर जर्नलने आम्हाला एकतर वेडे ठरवलं असतं किंवा खोटे.

ताई माझ्याकडे वळली. "उल्हास, काय आलं?"

"कोरडी, ताई."

"किती वेळा?"

"चार."

"मग चार वेळा लिही."

मी लिहिलं. सर्व्हेअरकाकांनी सही केली आणि त्यानंतर एकदाही पाण्याकडे पाहिलं नाही. वर आल्यावर बाबलकाकांनी आमचे चेहरे पाहिले आणि जीप सुरू केली. जीपमध्ये श्रद्धाताई जनेलाकडे तोंड करून बसली होती. बाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला तो डिचोली येईपर्यंत सोडला नाही.

ताईने जर्नलला तीन ओळी पाठवल्या. तारीख, चार प्रयत्न, चारही कोरडे, साक्षीदाराची सही सोबत. कारण आम्हाला माहीत नाही. यापलीकडे एक शब्द नाही. कुठून मोजलं, कुठे उभे होतो, यातलं काहीच लिहिलं नव्हतं. त्या तीन ओळी आजही माझ्याकडे आहेत, मी कितीदा तरी वाचल्या आहेत.

मुदतीला चार दिवस उरले असताना उत्तर आलं. सकाळची वेळ, बाबलकाकांनी पोदेराकडून गरम पोळ्या, म्हणजे आमच्या गोव्याचे पाव, आणले होते. ताईने फोन उघडला. संपादकाने लिहिलं होतं, निबंध स्वीकारला आहे. बाबलकाकांनी टाळी वाजवली, बाईंनी डोळे पुसले.

ताई मात्र खाली वाचत होती. तज्ज्ञाचा शेरा इंग्रजीत होता. तिने तो आम्हाला मराठीत वाचून दाखवला. दोनच वाक्यं होती.

"नोंद जशी आहे तशी छापा, माझीही टेप कोरडीच आली होती. लेखकांना एवढंच कळवा की पुन्हा गेलात तर तिसऱ्या बेंचवर उभे राहू नका."